वार हुंगणाऱ्या कुमुदबाई

मूल जन्मलं की खोलीतल्या सगळ्यांच्या माना मुलाकडे वळतात. आमच्या डॉक्टर कुमुदबाईंची मान उलटीकडे वळायची. मूल रडलं, रंग ठीक आहे, एवढं बघितलं की त्या ते सिस्टरच्या हाती सोपवायच्या आणि मागून पडलेली वार स्टीलच्या ट्रेमध्ये घेऊन खिडकीशी जायच्या. उजेडात ती उलटीसुलटी करायच्या, कडा जुळवून एखादा तुकडा आत राहिला नाही ना ते बघायच्या, आणि मग तोंडावरचा मास्क खाली ओढून चक्क तिचा वास घ्यायच्या. मंडईत खरबूज पारखावं तसा. नवी आलेली सिस्टर हमखास तोंड फिरवायची. लूमवाल्यांच्या वस्तीतून सुनेला घेऊन आलेली एक आजी तर दारातूनच ओरडली होती, "या अल्ला, ये डॉक्टरनी तो बच्चा बाद में देखती है, पहले नाल सूँघती है!"

बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, "नऊ महिने पोर हिच्या जिवावर जगलं. पोटात काय काय घडलं ते हिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुरण्याआधी हिला दोन प्रश्न विचारावेत की नाही?" वारेला घाण वास आला, ती हिरवट किंवा चिकट दिसली, की बाई ओळखायच्या की आत जंतू शिरले होते. मग मुलाकडे आणि आईकडे त्यांचं दुप्पट लक्ष.

भिवंडीत त्यांचं प्रसूतिगृह पहिल्या मजल्यावर आणि बरोबर त्याच्या खाली माझी रक्त-लघवी तपासायची लॅब. मागच्या गल्लीत लूमची खटखट दिवसभर चालू, त्यामुळे आम्ही दोघी जिन्यातून एकमेकींशी ओरडूनच बोलायचो. बाई उंच, सडसडीत, माहेर मिरजेचं. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण ओल्या फरशीवर घसरून आधीच एकदा हात मोडून घेतलेला. रिपोर्ट वर पाठवला की पाच मिनिटांत जिन्यातून हाक यायची, "अलका, हिमोग्लोबिन कमी आहे!"

"हो बाई, लिहिलंय तसं."

"लिहिलंय ते वाचता येतं मला. कशामुळे?"

"बाई, मी लॅबवाली आहे, ज्योतिषी नाही!"

पण तो 'कशामुळे' काही सुटायचा नाही. चहावाला दूध आधी का घालतो इथपासून त्यांचं सुरू व्हायचं. एका बाळंतिणीचा नवरा विणकर होता. इतक्या लूममध्ये आपल्याच लूमचं सूत तुटलंय हे कसं कळतं, असं बाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, आवाज से. झालं! दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपून बाई त्याच्या शेडमध्ये जाऊन उभ्या. परत आल्या तेव्हा डोकं धरून बसल्या होत्या. मी विचारलं, "आला का ऐकू फरक?"

"अजिबात नाही. पण त्याला येतो. कशामुळे येतो ते बघायला पाहिजे."

अशा माणसाबरोबर काम करणं सुखाचं नसतं, हे सांगून ठेवते. मी मूळची इथलीच, तोंडानं फटकळ, आणि माझ्या लॅबच्या कामात कुणी नाक खुपसलं की माझं डोकं फिरतं. बाईंनी ते वर्षानुवर्षं खुपसलं. आणि तरी त्यांच्या हाकेची वाट बघायची मला सवय लागली होती, हेही खरं.

त्यांना सर्वांत जास्त राग यायचा तो 'देवाची करणी' या शब्दांचा. पोटातलं मूल गेलं की घरचे, दारचे, कधीकधी डॉक्टरही तेच म्हणून मोकळे होतात. बाई म्हणायच्या, "असेल देवाची करणी. माझं भांडण नाही. पण त्यानं हत्यार कुठलं वापरलं ते तरी सांगा. पुढच्या वेळी निदान ते लपवून ठेवता येईल."

याच हट्टापायी राहनाळची दर्शना आम्हां दोघींच्या आयुष्यात शिरली. वय लहानच. नवरा टेम्पो चालवायचा, ती जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात पार्सलं बांधायला जायची. पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं, दुसऱ्या ठिकाणी. आता दुसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं होतं. बरोबर सासू अनुबाई आणि थोरली जाऊ जयश्री. मी रक्त घ्यायला वर गेले तेव्हा बाई अनुबाईंची उलटतपासणी घेत होत्या.

"मागच्या वेळी वार कशी होती?"

"कशी म्हंजे? असती तशी."

"रंग? वास?"

"आवो बाय, वार कोन हुंगतंय का? आमी गोठ्याच्या मागं पुरली."

"मुद्दाम नका हुंगू. पण आपोआप नाकाला काही लागलं का?"

अनुबाईंनी पदर तोंडाशी नेला. म्हणाल्या, "लागला व्हता. उग्र. पन तवा कुनाचा ध्यान व्हता तिकरं?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू लॉटरीच लागली. मग पुढचा प्रश्न. त्या आधी ताप होता का?

"ताप न्हाय," अनुबाई म्हणाल्या. "उन्हाली लागलेली. लगवीला जलजल. धन्या-जिऱ्याचा पानी दिला, सब्जा दिला."

"थंडी पन वाजायची तिला," जयश्री मधेच बोलली. "आमी म्हटला, हवा बदललीय."

दर्शना या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. सासू आणि जाऊ बाहेर गेल्या, मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, तुमी कशाला शोधताव? मना म्हाईत हाय काय झाला."

"काय झालं?"

"ग्रान व्हता. घरान बसाया पायजे व्हता. मी ड्युटीवर गेली. पार्सलच्या टेपा कापायला दिवसभर कटर चालवला. ग्रानात पोटुशीनं काय कापाचा नसतंय. सासू कवा बोलली न्हाय, पन तिच्या पन मनात त्याच हाय."

मला वाटलं आता बाई एक व्याख्यान देणार. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या दिवशी गोदामात दुसरी कुणी पोटुशी होती का?"

"व्हती. एक बिहारची."

"तीही टेपा कापत होती?"

"हो. माझ्याच टेबलाव."

"तिचं मूल?"

"चांगला हाय. पलतंय आता."

"मग एकच ग्रहण, एकच टेबल, एकच काम. तुला भोवलं आणि तिला नाही. कशामुळे?"

बहुतेक हा प्रश्न दर्शनाला आजवर कुणी विचारला नव्हता आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता. तिनं उलट विचारलं, "मंग मलाच का?"

"ते मला अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या. 'माहीत नाही' असं न लाजता म्हणणारी डॉक्टर मी ही एकच पाहिली. त्यांचं म्हणणं होतं, "माहीत नाही म्हणायला जीभ जड होते, पण एकदा म्हटलं की शोधायला माणूस मोकळा होतो."

दर्शनानं सुई काढल्यावर हात दुमडला आणि अगदी साध्या आवाजात सांगून टाकलं, "हा पन गेला तर मी परत न्हाय बाई. पोर पन न्हाय आनि त्या घरान पन न्हाय." ती रडत वगैरे नव्हती. ठरवून बोलत होती.

बाईंचा तर्क सरळ होता. लघवीच्या मार्गात जंतू वाढतात, बाईला जळजळ होते किंवा काहीच जाणवत नाही. गरोदरपणात ते वर मूत्रपिंडापर्यंत चढतात, थंडी-ताप येतो, कधी गर्भपिशवीपर्यंत पोचतात आणि मूल दगावतं. घरी त्याला उन्हाळी म्हणतात आणि धन्याचं पाणी देतात. म्हणून दर्शनाची लघवी दर महिन्याला तपासायची आणि जंतू वाढवून बघायचे, म्हणजे कल्चर, असं ठरलं.

पहिला रिपोर्ट स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसराही. माझ्या ताटलीवर एक जंतू वाढेल तर शपथ. आणि इकडे दर्शनाची कंबर एका बाजूनं दुखायची, मळमळायचं, एकदा तर बाईंच्या समोर बसल्या बसल्या तिला हुडहुडी भरली. बाई तरातरा जिना उतरून खाली आल्या.

"अलका, तुझा रिपोर्ट चुकतोय."

माझं डोकंच सटकलं. "बाई, मायक्रोस्कोप माझा, डोळे माझे, हात माझे. तुमच्या तर्कासाठी मी काय घरून जंतू आणून टाकू?"

शब्दाला शब्द वाढला. आमचा चारचा चहा बंद झाला. चहावाला पोचवायला यायचा तो बिचारा एक कप वर, एक कप खाली असे हेलपाटे घालायचा. शेवटी बाईच खाली आल्या आणि माझ्या लॅबच्या बाकड्यावर बसल्या. "हे बघ, मी रात्री पडल्या पडल्याही विचार केला. तुझा रिपोर्ट खरा आहे. आणि दर्शनाची हुडहुडीही खरी आहे. दोन्ही खरं असेल तर मधल्या वाटेवर काहीतरी घडतंय. ती वाट मला बघायचीय."

पुढच्या तपासणीला बाई पेशंटांत मिसळून बाकड्यावर वर्तमानपत्र उघडून बसल्या. दर्शना आणि जयश्री आल्या. मी डबी दिली. दोघी मिळून संडासाकडे गेल्या. बायका जोडीनं जातातच, त्यात मला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. थोड्या वेळानं दर्शना मोकळ्या हातानं बाहेर आली, भिंतीला टेकून उभी राहिली. मग दार पुन्हा उघडलं आणि जयश्री डबी घेऊन आली.

बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. "जयश्री, ही लघवी कुणाची?"

"माझी," जयश्री सहज म्हणाली.

"आणि दर्शनाची?"

"तिला लागतच न्हाय ना बाई! दर टायमाला बसते, बसते, थेंब न्हाय. आनि हिकरं गर्दी. मंग मीच भरून देते. घरातलाच हाय ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "जयश्री, अभिनंदन! तीन महिने तुझी तब्येत उत्तम आहे. अलकानं लेखी दिलंय." जयश्रीला आपलं काय चुकलं ते कळेना. एका घरात भाकरी, पाणी, ताप, सगळं वाटून घेणाऱ्या बायका त्या. जावेची अडचण तिनं भागवली होती.

हसू ओसरल्यावर बाई दर्शनापाशी जाऊन बसल्या. "आता तू सांग. तुला लागत का नाही?"

"पानी पीत न्हाय ना मी."

"का?"

"ड्युटीवर मोरी लांब हाय. शेडच्या त्या टोकाला. डायवर लोकांची आनि आमची एकच. कडी न्हाय. कोन बगल, कोन दार ढकलल. मंग आमी सगल्या सकाली पानीच पीत न्हाय. घरी आल्यावर पिते वाईच. आता सुट्टीच्या दिवशी पन तान लागत न्हाय."

माझ्या मते इथे डॉक्टरांचं काम संपतं. भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका, असं सांगायचं आणि तिची स्वतःची लघवी तपासायला मागून घ्यायची. बाईंनी दोन्ही केलं, पण त्यांच्या डोक्यात किडा वळवळत होता. दर्शनाला कामावर जायचं बंद करायला सांगून बाई स्वतःच तिच्या गोदामात गेल्या. सुपरवायझरला म्हणाल्या, मला इथलं काम बघायचंय. बायकांमध्ये बसल्या, टेपा लावल्या आणि मुद्दाम घटाघटा पाणी प्यायल्या. मग लागली. ट्रकांच्या मधून, ड्रायव्हरांच्या नजरांमधून शेडचं ते टोक गाठलं, एका हातानं दार धरून बसल्या आणि तशाच परत आल्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "अलका, मीसुद्धा पाणी प्यायले नसते." आणि दाराला कडी त्यांनी सुपरवायझरच्या मागे लागून बसवून घेतली.

दर्शनाची खरी लघवी कशी मिळवली ते सांगायला हवं. तिला माझ्या बाकड्यावर बसवलं, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या आणि पहाऱ्याला जयश्री. "पी गं, पी, एवढा पी," करत जयश्री तिला पाणी पाजत होती, ती आपल्या आधीच्या मदतीची भरपाई केल्यासारखी. अखेर डबी आली. हातात घेतल्याबरोबरच ती गढूळ दिसली. मायक्रोस्कोपखाली नुसत्या पू-पेशींची दाटी. कल्चर लावलं. उकडीचे मोदक झाले का ते बघायला मुलं जशी झाकण उघडून बघतात तशा बाई माझ्या इनक्युबेटरशी येत होत्या, आणि मी त्यांना हाकलत होते. ताटलीवर जंतू असे दाट उगवले की दाखवायला मीच जिन्यातून ओरडले, "बाई, या! सापडला!"

कुठलं औषध त्या जंतूंवर चालेल ते तपासलं, त्यातलं पोटातल्या मुलाला न बाधणारं बाईंनी निवडलं. औषध संपल्यावर पुन्हा कल्चर, आणि तेव्हा ताटली कोरी निघाली. तोवर बाई दर्शनाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा स्पष्ट सांगत राहिल्या. "मागचं मूल यानंच गेलं असं मी छातीठोक सांगणार नाही. मी तेव्हा नव्हते, वार मी पाहिलेली नाही. असं झालं असण्याची शक्यता मोठी आहे. पण कटरनं गेलं नाही, हे मात्र लिहून देते." दर्शनाला ते आवडायचं नाही. तिला पक्कं उत्तर हवं होतं. बाईंकडे ते नव्हतं, आणि तिच्या समाधानासाठी खोटं बोलायला त्या तयार नव्हत्या. माझ्या मनात यायचं, एवढं काय, म्हणून टाका की बाई! पण त्या म्हणाल्या नाहीत.

आठवा महिना उजाडला तसं राहनाळच्या त्या घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. दर्शना दर थोड्या दिवसांनी यायची, बाई ठोके ऐकवायच्या, ती डोळे मिटून ऐकायची. तो महिना गेला. नवव्यात, एका दुपारी, जेवणं चालू असताना तिचं पाणी गेलं आणि नवऱ्यानं टेम्पोतच तिला आणलं. बाईंनी मला वर बोलावून घेतलं, काम काही नव्हतं तरी. कळा चांगल्या येत होत्या, पण मधेच ठोके मंदावले. बाईंच्या तोंडचे सगळे प्रश्न तेव्हा बंद झाले. ठोके पुन्हा चढले, आणि थोड्या वेळानं मुलगी झाली. किडकिडीत, पण रडली अशी की गल्लीतल्या लूम फिक्या पडाव्यात. वार स्वच्छ होती. मी तिथेच भिंतीला टेकून रडले, सांगायला लाज कसली.

अनुबाई आत आल्या, नातीला मांडीवर घेतलं, कडाकडा बोटं मोडली. जयश्री पाण्याचं भांडं घेऊन उभीच होती. सगळे हसत होते. तेव्हा दर्शना म्हणाली, "बाई, तुमी एवढा सगला शोधून काढताव. मना एक सांगा. पयला काय व्हता? पोरगा का पोरगी?"

बाईंना ते ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी त्या नव्हत्याच. आमच्याकडे मेलेलं मूल आईला दाखवत नाहीत. तिच्या तोंडावरून पदर ओढतात, पुरुषमाणसं फडक्यात गुंडाळून घेऊन जातात, आणि पुन्हा त्याचं नाव काढत नाहीत. तिला विसर पडावा म्हणून. इतके महिने दर्शना हे पोटात घेऊन हिंडत होती.

बाईंनी अनुबाईंकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलं होतंत?"

अनुबाई मांडीवरच्या नातीचं दुपटं नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरगी व्हती." आणि थोड्या वेळानं, "केस लय व्हतं तिला. काले. मीच गुंडालली माझ्या हातानं."

"मना का न्हाय दावली, आये?"

"तुला तरास व्हईल म्हून गो." आणि त्या म्हाताऱ्या बाईला हुंदका आला. इतके दिवस तोही तिनं कुणाला दाखवला नसेल. दर्शना खाटेवर सरकली, बाजूला जागा केली आणि म्हणाली, "आये, हिकरं बस. आजून सांग."

आम्ही बाहेर आलो. बाई जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "अलका, मी तिला नाही नाही ते विचारलं. ती काय खाते, किती वेळा मोरीत जाते, तिचं टेबल कुठलं. तुला काही विचारायचंय का, हे एकदाही विचारलं नाही."

त्यानंतर बाईंनी बरीच वर्षं काम केलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. मूल दगावलं की वार तपासायचं त्यांनी सोडलं नाही, पण ते नंतर. आधी त्या बाळाला कोमट पाण्यानं पुसायच्या, धुतलेल्या मऊ कापडात घ्यायच्या, पुढे येणाऱ्या पुरुषांना दाराबाहेर थांबवायच्या आणि आईच्या उशाशी जाऊन विचारायच्या, "बघायचंय तुला?" काही जणी मान फिरवायच्या, आणि बाई त्यांना आग्रह करायच्या नाहीत. बहुतेक जणी हात पुढे करायच्या.